अग्निवीर: बेळगावला रिपोर्टिंगला 7 आठवडे, तयारी कशी करू?

कोयनाकाठ
अग्निवीर जीडीला (जनरल ड्यूटी) निवड झालीय, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर मिळालंय. रॅलीत 1600 मीटर 5:22 ला मारलं होतं, बीम (पुल-अप) 10. मेरिट लागेपर्यंत दोन महिने पळणं बंदच होतं. आता आठवडाभर रोज पळतोय. काल 5 किमीला 27 मिनिटं लागली आणि उजवी नडगी आतल्या बाजूनं ठणकतेय. अकॅडमीतली पोरं म्हणतात, बॅगेत 10 किलो वाळू भरून पळ, तिथली सवय होईल. करू का? सामान काय न्यायचं आणि काय पाठ करून जावं, तेही सांगा.

कदमताल
भावा, वाळूची बॅग आधी खाली ठेव. 1600 हा पाच-साडेपाच मिनिटांचा खेळ होता. ट्रेनिंग 31 आठवड्यांचं असतं, त्यातले पहिले 10 बेसिकचे. पहाटे पीटी, मग ड्रिल, मग क्लास, मग परत ग्राउंड, आणि मधलं जाणं-येणंही बहुतेक 'दौड के चल'. पोरं दमून मागे पडत नाहीत, पाय दुखावून पडतात. नडगी किंवा गुडघा गेला की एमआय रूम (फौजेचा दवाखाना), मग आराम, मग रेलीगेशन: तुझी बॅच पुढे जाते आणि तू मागच्या बॅचसोबत तेच आठवडे परत करतोस.

वजन घेऊन पळू नकोस, चाल. 5 किलोपासून सुरुवात, बॅग पाठीवर उंच आणि घट्ट, पट्टे इतके आवळलेले की झोका बसता कामा नये. आठवड्यातून दोनदा 4 किमी, दर आठवड्याला किलोभर वाढव, 10 च्या वर जाऊ नकोस. पूर्ण सामान आणि रायफल घेऊन 5 किमी पळायचं ते बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या शारीरिक चाचणीत. त्याचबरोबर 60 मीटर स्प्रिंट, उभा रस्सा, आडवा रस्सा आणि 9 फुटी खड्डा. तिथपर्यंत उस्ताद (शिकवणारे) टप्प्याटप्प्यानं नेतात, घरून शिकून जायची गरज नाही.

रस्सा मात्र घरी करून जा. आंब्याच्या फांदीला जाड सुती दोर बांध, आधी स्वतः लटकून फांदी तपास. दहा बीम मारणारी पोरंसुद्धा रश्शावर अर्ध्यात लोंबकळतात, कारण सगळं हातावर घेतात. दोर एका पायाच्या बाहेरून तळव्याखाली घे, दुसऱ्या पायाच्या बुटानं वरून दाब. गुडघे छातीकडे ओढ, दोर पायात पकड, मग पायावर उभा राहा. हात फक्त वर सरकवायचे. उतरताना घसरू नकोस, तळहाताची साल निघते आणि मग आठवडाभर बीमही नाही.

हाडवैर
फिजिओ आहे, नडगीपुरतं बोलतो.

आधी तपास. खाली बस, अंगठ्यानं नडगीच्या आतल्या कडेनं घोट्यापासून वर दाबत जा. चार-पाच बोटं रुंदीच्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल तर शिन स्प्लिंट. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत टोचल्यासारखं दुखतंय, रात्री पडल्यावरही ठणकतं, त्या एका पायावर उडी मारवत नाही, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका. हाडवाल्या डॉक्टरला दाखव. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, तेव्हा 'एक्स-रेत काही नाही' म्हणून पळायला लागू नकोस.

दुखण्याचं कारण तुझ्या प्रश्नातच आहे: दोन महिने शून्य आणि मग एकदम रोज. दम लवकर परत येतो, हाडाला भार सोसायला त्याहून बराच वेळ लागतो. पेनकिलर घेऊन पळणं सगळ्यात वाईट, इशारा तेवढा बंद होतो आणि इजा चालू राहते.

कोयनाकाठ
आत्ता दाबून बघितलं. घोट्याच्या वर साधारण वीतभर दुखतंय, एका जागी नाही. रात्री काही नाही. उडी मारली, जमते.

हाडवैर
मग 10 दिवस पळणं बंद, सायकल चालव किंवा पोह. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली: गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 सेट, गुडघा किंचित वाकवून 15 चे 3. खाली येताना तीन आकडे मोजत ये. चालताना दुखेनासं झालं की 1 मिनिट पळ, 1 मिनिट चाल, असं 10 वेळा, दिवसाआड, डांबरावर नाही, मातीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी शांत असेल तरच पळायचं मिनिट वाढव. असं करत सहाव्या आठवड्याअखेर बोलत बोलत 5 किमी, आठवड्यातून तीनदा. सातवा आठवडा हलका. घड्याळ घरी ठेव. बूट 1600 वालेच असतील तर तळ बघ, टाचेची बाहेरची कड झिजली असेल तर नवे घे आणि आत्ताच वापरायला काढ.

होल्डॉल
सामान जॉइनिंगच्या पत्रात असेल तेवढंच. वर्दी, बूट, पीटी ड्रेस तिकडे मिळतो. पत्राबाहेरचं माझं म्हणणं: पेटीला दोन किल्ल्यांचं कुलूप, एक किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. प्रत्येक कपड्यावर आतून नाव, न पुसणाऱ्या शाईनं; एकाच दोरीवर पन्नास पांढऱ्या बनियनी वाळत असतात. सुई-दोरा-बटणांची पिशवी, फौजेत तिला 'हाऊसवाइफ' म्हणतात. पॉलिशचे ब्रश दोन, एक लावायला, एक चमकवायला.

पायाची काळजी म्हणजे मोजे. नवा डीएमएस बूट (फौजेचा जाड तळाचा बूट) टाचेला आणि करंगळीला चावतो. आत पातळ मोजा आणि वर जाड घातला तर घासणं मोज्या-मोज्यात होतं, कातडीवर नाही. ओला मोजा दुपारपर्यंत पायात राहिला की फोड आलाच. फोड फोडू नका, वरची साल तर अजिबात काढू नका. लाल झालं, गरम लागलं, तेव्हाच चिकटपट्टी. नखं सरळ कापायची, कोपरे गोल कापले की नख मांसात रुतायची भीती.

आणि बेळगावचा पाऊस. जांघेत गजकर्ण होतं, तेव्हा टॉवेल कुणाला देऊ नका, कुणाचा घेऊ नका. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम लावलं तर आठ दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. सरळ एमआय रूम गाठायची.

कदमताल
मोज्याचं बरोबर, पण दोन्ही मोजे घालूनच बुटाचं माप द्या. नंतर घातले तर बूट घट्ट होऊन नखं काळी पडतात.

सहीशिक्का
कागदांचं कुणी बोललंच नाही. दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव-वडील-आडनाव. क्रम वेगळा असला तर निभावतं, स्पेलिंग वेगळं असलं तर अडतं. वडिलांच्या नावात एकीकडे 'राव' आहे आणि दुसरीकडे नाही, हा नेहमीचा घोळ. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक पासबुक, चारी समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळव. तफावत असेल तर आजच आधार केंद्रात जा आणि एआरओ, म्हणजे सैन्य भरती कार्यालयात विचार. नॉमिनी म्हणून आईचं नाव देणार असशील तर तिच्या आधारवरचं नावही बघ, बऱ्याच जणींच्या कागदांवर माहेरचं-सासरचं मिसळलेलं असतं.

पहिल्या वर्षी पगार महिना 30,000. त्यातले 9,000 सेवानिधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणारा निधी) कापून हातात 21,000. घरी हप्ता लावणार असाल तर 21,000 धरून लावा. मोबाईल जमा होतो, तेव्हा ओटीपीवर चालणारी घरची कामं आधी उरकून घ्या. घरचे दोन नंबर तोंडपाठ हवेत.

कदमताल
पाठांतराचं राहिलं. सगळ्यात आधी हिंदी गिनती, 1 ते 100. हसू नकोस. आपली पोरं इथेच फसतात. एकोणतीसला उनतीस जमतं, पण उनसठ, उनहत्तर, उन्यासी विचारलं की तोंडाला कुलूप. सैंतीस की सैंतालीस यात तर सगळेच गोंधळतात. रायफलचा नंबर, बट नंबर, फॉल-इनची गिनती, सगळं हिंदीत.

मग रँक: बाहीवर एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, हे 'साब'. रेजिमेंटची पहिली पलटण 1768 ची, ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस'. 4 फेब्रुवारी हा मराठा दिन, तानाजीनं कोंढाणा घेतला त्याची आठवण. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे (1944) आणि नामदेव जाधव (1945) माहीत असावेत.

ड्रिल आरशासमोर थोडं कर. सावधानमध्ये टाचा जोडलेल्या, पंजात 30 अंश. विश्राममध्ये पायांत 12 इंच. चालताना डावा पाय-डावा हात एकदम जात असेल तर मुद्दाम सुधारायला जाऊ नकोस. विचार करायला लागलास की आणखी बिघडतं. घरी नेहमीसारखा चाल आणि फक्त हाताचा झोका हळूहळू खांद्यापर्यंत वाढव.

तंबाखू मळत असशील तर आजपासून बंद. तिथे गेल्यावर सोडू म्हणणाऱ्याला पहिले दहा दिवस डोकेदुखी आणि रगडा (शिक्षेची कसरत), दोन्ही एकदम सोसावे लागतात.

कोयनाकाठ
तंबाखू नाही दादा, चहा आहे. शेवटचं: केस कापून जाऊ की तिथे कापतात?

होल्डॉल
कापून जा. तिथे परत कापतीलच.