नवख्याला पहिल्याच आठवड्यात विम शिकवू नये, असं माझं मत आहे

रंकाळाकाठ
आमच्याकडं कोल्हापुरात लिनक्स शिकणाऱ्या पोरांच्या माथी पहिल्याच आठवड्यात विम हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा-बदलायचा प्रोग्रॅम, मारतात. त्यात कळा आधी आज्ञा म्हणून चालतात, म्हणून टाइप करायला जावं तर अक्षरं उमटत नाहीत, भलतीच ओळ गायब होते, आणि बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही. 'विममधून बाहेर कसं पडू' हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ पर्यंतच दहा लाखांहून जास्त वेळा बघितला गेला होता. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉयनं १९७६ च्या सुमाराला ज्या टर्मिनलवर लिहिला, त्याला बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. बाण एच-जे-के-एल वर छापलेले होते, म्हणून विममध्ये आजही कर्सर त्या कळांनी हलवतात. टायपिंगमधून परत आज्ञांकडं नेणारी एस्केप होती आजच्या टॅबच्या जागी. त्या कीबोर्डची सोय आपण आजच्या लॅपटॉपवर का भोगायची? नॅनोसारखा साधा एडिटर द्या, विंडोजवर नोटपॅड++ द्या, आणि पोरांना कामाला लागू द्या.

कोलन_क्यू
भावा, विमबरोबर विमट्यूटर हा धडा येतो. अर्ध्या तासात होतो. तेवढा वेळ न देता रडण्यात अर्थ नाही. डी म्हणजे पुसणं, डब्ल्यू म्हणजे शब्द. क्रिया आणि जागा जोडली की आज्ञा तयार, शंभर शॉर्टकट घोकावे लागत नाहीत. शिवाय टिकतं ते शिकावं. गिटहबचा ॲटम एडिटर आठवतो? लोकांनी हौसेनं सगळी सेटिंगं बसवली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. व्हीआय शिकलेला माणूस आजही लिनक्सच्या जवळपास कुठल्याही सर्व्हरवर अडत नाही.

रंकाळाकाठ
सर्व्हर! फर्स्ट इयरच्या पोराकडं सर्व्हर कुठला? आणि असलाच तर व्हीएस कोड हा एडिटर २०१९ पासून एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशीनला जोडून, सर्व्हरवरची फाइल उघडतो.

कोलन_क्यू
उघडतो, पण त्यासाठी स्वतःचा एक भाग सर्व्हरवर टाकतो. आणि चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हीएस कोड आणि ब्राउझर एकत्र चालवून दाखव.

उद्यमनगरकर
आम्ही प्रोग्रॅमर न्हाई, सीएनसीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवाले. मशीनला हुकूम देणाऱ्या जी-कोडची फाइल कधी कधी हजारो ओळींची असती. नोटपॅड++ मध्ये ऑल्ट धरून माउसनं उभा पट्टा निवडायचा नाहीतर रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे नमुना देऊन शोधून, एफपुढचा म्हणजे फीडचा (टूल सरकायच्या वेगाचा) आकडा बदलायचा, एवढ्यात आमचं भागतंय. फक्त डोळे झाकून 'रिप्लेस ऑल' मारू नका. शेवटच्या सफाईचा म्हणजे फिनिशिंगचा फीड वेगळा ठेवलेला असतो, तोपण बदलतो आणि जॉब वाया जातो. एडिटर कुठला ह्यापेक्षा शोधा-बदला नीट येतंय का ते बघा की. तुम्ही कशावर भांडायलाय?

जोडाक्षर
कुणीच मराठीचं बोलेना म्हणून लिहिते. मी दोन्ही भाषांत लिहिते, मराठीचं टायपिंग इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड लेआउटनं. त्या लेआउटवर एच-जे-के-एल म्हणजे प-र-क-त, आणि डी म्हणजे पाय मोडायची खूण. म्हणजे मराठी टाइप करून एस्केप मारली की विमला माझी एकही आज्ञा कळत नाही. आधी लेआउट बदला, मग ओळ पुसा, मग परत बदला. त्यात विम चालतो त्या कित्येक टर्मिनलांत, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडक्यांत, जोडाक्षरं फुटतात आणि कर्सर भलतीकडंच दिसतो. याला खरा उपाय इमॅक्स हा दुसरा जुना एडिटर. त्यात देवनागरी इन्स्क्रिप्ट आतच आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की चालू-बंद. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच राहतो, त्यामुळं आज्ञा बिघडत नाहीत. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून हार्फबझ हा अक्षरं जुळवणारा भाग आल्यावर जोडाक्षरंही नीट दिसतात.

कोलन_क्यू
मुद्दा बरोबर आहे. मराठी मजकुरासाठी टर्मिनलातला विम मीही वापरत नाही. पण इमॅक्स? कंट्रोल दाबून दाबून करंगळी जाईल.

जोडाक्षर
कॅप्सलॉकला कंट्रोल करून टाक. नाहीतरी त्या कळेचा उपयोग ओरडण्यापलीकडं काय?

रंकाळाकाठ
बघा, हेच म्हणत होतो. एक कळा पाठ करायला लावतो, दुसरी कीबोर्डच बदलायला सांगते. नवख्यानं लिहायचं कधी?

उद्यमनगरकर
त्ये जाऊ दे. माझ्याकडं एका फोल्डरात ढीगभर प्रोग्रॅम हायेत, सगळ्यांत एकच टूल नंबर बदलायचाय. नोटपॅड++ मध्ये 'फाइंड इन फाइल्स'नं होतंय. विममध्ये किती कळा?

कोलन_क्यू
आर्गडू म्हणून आज्ञा आहे, एका ओळीत होतं. पण लगा, दोन्हीकडं आधी फोल्डरची कॉपी काढ. आणि टूलचा ऑफसेट (लांबीची दुरुस्ती) नंबरपण बदलायचा असेल, तो वेगळा शोध.