उच्च वारंवारतेच्या क्लॉकसाठी एफबार दोलक: ट्यूनिंगचा पल्ला किती ठेवावा?

कंपन (धागाकर्ते)

गिगाहर्ट्झच्या घरातील क्लॉकसाठी (चिपला ठेका देणाऱ्या संकेतासाठी) आजही बहुतेक आराखड्यांत २५ ते १०० मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक घेतला जातो आणि त्याची वारंवारता पीएलएलने (फेज जुळवत वारंवारता पटीत वाढवणाऱ्या मंडलाने) वर नेली जाते. एटी-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) क्वार्ट्झची मूलभूत वारंवारता जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते; १० मेगाहर्ट्झला १६६ मायक्रोमीटर असलेली पट्टी १०० मेगाहर्ट्झला जेमतेम १७ मायक्रोमीटर उरते आणि त्यापुढे ती घडवणेच अवघड होते. शिवाय वारंवारता २० पट केली की फेज नॉइज, म्हणजे लहरीच्या ठेक्यातील बारीक थरथर, २६ डेसिबलने वाढतो. सिलिकॉनवरील अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडच्या पातळ थराचा ध्वनिक रेझोनेटर, म्हणजे एफबार, मात्र थेट २ गिगाहर्ट्झवर कंप पावतो आणि तेथून भागाकाराने खाली यावे तर तेच २६ डेसिबल आपल्या पदरात पडतात.

अडचण स्थिरतेची आहे. या थराची वारंवारता दर अंशाला २५ ते ३० पीपीएमने (दहा लाखांत तितक्या भागांनी) घटते, म्हणजे उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत तीन हजारांहून अधिक पीपीएम सरकते. त्यात थराच्या जाडीत कारखान्यात राहणाऱ्या तफावतीची भर पडते. तरीही श्रेणी आणि समांतर अनुनादांमधील अंतर, म्हणजे ज्याच्या आतच वारंवारता सरकवता येते ती जागा, क्वार्ट्झमध्ये ०.२ टक्क्यांच्या आसपास असते, तर एफबारमध्ये सुमारे अडीच टक्के. म्हणून व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने बदलणारा संधारित्र) लावून ४,००० पीपीएमचा पल्ला मिळवावा आणि क्वार्ट्झला रजा द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

स्थिरांक

आपल्या मांडणीतील पहिला भाग मान्य आहे, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. २ गिगाहर्ट्झवर ४,००० पीपीएम म्हणजे ८ मेगाहर्ट्झ. हा पल्ला १ व्होल्टमध्ये बसवला आणि नियंत्रक व्होल्टेजवर दर वर्गमूळ-हर्ट्झला अवघे १० नॅनोव्होल्ट नॉइज धरले, तरी मुख्य वारंवारतेपासून १० किलोहर्ट्झ अंतरावर फेज नॉइज मुख्य लहरीच्या तुलनेत उणे १०५ डेसिबलवर जाऊन बसतो. आता दोलकाचा फेज नॉइज सांगणाऱ्या लीसनच्या सूत्रात क्यू (रेझोनेटरचा गुणवत्तांक; तो जितका जास्त तितका ऊर्जेचा ऱ्हास कमी) १,००० आणि एक मिलिवॅट शक्ती घालून पाहावे: फ्लिकर नॉइज (कमी वारंवारतेकडे वाढत जाणारा नॉइज) बाजूला ठेवला तर तोच दोलक उणे १३० डेसिबलच्याही खाली जायला हवा. म्हणजे रेझोनेटरने कमावलेले सगळे ट्यूनिंगच्या तारेतून वाहून जाते आणि व्हॅरॅक्टरच्या रोधामुळे क्यू घटतो तो निराळाच. पल्ला १०० पीपीएमवर आणल्यास हाच नॉइज ३२ डेसिबलने उतरतो.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१९ मध्ये आणलेल्या नेटवर्क क्लॉक चिपमध्ये २.५ गिगाहर्ट्झचा ध्वनिक दोलक आहे, पण त्याचा पल्ला अरुंद आहे आणि बाहेरचा क्रिस्टल ऑसिलेटर तेथेही लागतोच.

तरंगलांबी

दोघेही रेझोनेटर सरकवण्याविषयीच बोलत आहेत. तो तापमानाने मुळात सरकतो का, हे आधी पाहू. सिलिकॉन डायऑक्साइड तापल्यावर अधिक ताठ होतो, तर अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड सैल पडतो. थरांच्या रचनेत ऑक्साइडची योग्य जाडी घातली की दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात आणि पहिल्या क्रमाचा तापमान-गुणांक शून्याजवळ येतो. उरलेला वक्र दुरुस्त करायला दोलकाला हात लावण्याची गरज नाही. तापमान मोजावे आणि दुरुस्ती पुढच्या अपूर्णांकी भाजकात (वारंवारतेला अपूर्णांकाने भागणाऱ्या मंडलात) करावी. त्याच वर्षी, त्याच कंपनीने आणलेल्या स्फटिकविरहित वायरलेस चिपमध्ये हीच वाट निवडलेली दिसते.

कंपन

ऑक्साइडची किंमत आपण सांगितली नाही. तो थर पिझोविद्युत (विजेने आकुंचन-प्रसरण पावणारा) नसल्याने विद्युत-यांत्रिक युग्मन, म्हणजे विजेचे कंपनात रूपांतर होण्याचे प्रमाण, घटते, दोन अनुनादांमधील अंतर आकसते आणि जाडीतील तफावत भरून काढायला लागणारा पल्ला नेमका तेव्हाच हातचा जातो. अपूर्णांकी भाजकाचा क्वांटायझेशन नॉइज (भाजक पूर्णांकांमध्ये बदलत राहिल्याने येणारा) गाळायला पुन्हा एक पीएलएल लागतो, तेव्हा साधेपणाचा दावाही टिकत नाही.

स्थिरांक यांचे गणित मात्र मी स्वीकारतो आणि त्यावर उत्तर सुचवतो. संपूर्ण पल्ला एकाच व्हॅरॅक्टरवर टाकायचा नाही. स्विचने जोडल्या-तोडल्या जाणाऱ्या संधारित्रांच्या ओळीने मोठी पावले टाकावीत आणि प्रत्येक पावलाच्या आत व्हॅरॅक्टरला १०० पीपीएमच द्यावेत.

स्थिरांक

कारखान्यातील तफावत एकदाच मोजून ती ओळ कायमची स्थिर करणार असाल, तर माझा विरोध नाही. तापमानासाठी चालू क्लॉकमध्ये पावले बदलणार असाल तर आहे. एका स्विचने वारंवारता क्षणात ५० पीपीएम उडाली, तर पलीकडचा डेटा-रिसीव्हर तो धक्का झेलेलच याची हमी कोण देणार? तापमान सीमेवर रेंगाळले तर असे धक्के पुन्हापुन्हा बसतील.

क्वार्ट्झविषयीही न्याय्य बोलावे. १०० मेगाहर्ट्झचा उत्तम स्फटिक-दोलक २ गिगाहर्ट्झवर नेला तरी वाहकाजवळच्या (मुख्य वारंवारतेलगतच्या) पट्ट्यात तो एफबारच्या तोडीस तोड राहतो. एफबारची खरी सरशी दूरच्या पट्ट्यात, जिथे वर नेलेला नॉइज-तळ स्फटिकाला नडतो. आणि १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ या नेहमीच्या मापात जिटरचा (क्लॉकच्या कडा मागेपुढे होण्याचा) मोठा हिस्सा तिथलाच असतो.

तरंगलांबी

मग संधारित्रांची ओळ फक्त कारखान्यातील तफावतीसाठी ठेवावी आणि ऑक्साइड थोडा पातळ करून गुणांक दर अंशाला ५ पीपीएमवर सोडावा. सव्वाशे अंशांत ६२५ पीपीएम उरतात आणि युग्मनही बरेचसे वाचते. हे ६२५ व्हॅरॅक्टरवर टाकायचे की भाजकावर, हा वाद मी भाजकाच्या बाजूने लढेन, कारण तिथल्या नॉइजचा आकार आपण ठरवू शकतो.

कंपन

सिरियल लिंकसाठी (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या दुव्यासाठी) मी अजूनही व्हॅरॅक्टरच निवडेन. ६२५ पीपीएमला स्थिरांक यांच्याच हिशेबाने उणे १२१ डेसिबल येतात आणि नियंत्रक व्होल्टेजवर काही हर्ट्झचा गाळक बसवला, तर १० किलोहर्ट्झवर तेही उरत नाहीत. तापमान त्याहून वेगाने बदलत नाही.