स्कायलॅब पडणार होती तेव्हा तुमच्याकडे काय चाललं होतं?

मंजिरी_सातारा
काल टीव्हीवर कुठलासा जुना उपग्रह पृथ्वीवर पडणार अशी बातमी होती. आई ऐंशीच्या पुढची, सकाळी काय जेवली ते दुपारी आठवत नाही. पण बातमी ऐकताच म्हणाली, "स्कायलॅब का गं?" आणि पुढे तासभर बोलत होती.

जुलै १९७९. मी चौथीत, कराडजवळच्या गावी. बाईंनी वर्गात सांगितलेलं, अमेरिकेची आकाशातली प्रयोगशाळा खाली येतेय, सत्त्याहत्तर टनांची, आणि कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही. त्या 'कुणालाच'नं सगळ्यांची झोप उडवली. संध्याकाळी शेजारच्यांच्या ओट्यावर रेडिओभोवती अख्खी आळी जमायची. आजीनं तर ट्रंकेतून लग्नातला शालू काढला. घड्यांवर विरलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा. तो नेसून ती चुलीपुढे भाकऱ्या थापत बसली. आजोबा काही बोलायला गेले तर म्हणाली, "जायचंच आहे तर हा कुणासाठी ठेवू?"

मला भीती वाटल्याचं आठवत नाही, आजी सुंदर दिसत होती एवढं आठवतं. तुमच्या आठवणी लिहा ना.

माडाची_वाडी
आमच्या वाडीतले कोंबडे संपले. आखाड होताच, त्यात हे निमित्त. आजोबांचं एकच पालुपद, "उद्या मेलंव तर कोंबो कोण खातलो?" सलग वडे-सागोती. १२ तारखेला सगळे जिवंत आणि खुराडं रिकामं 😄

सुधाकाकू
शालूचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आहे का गं अजून?

मंजिरी_सातारा
काठ आहेत काकू. माझ्या मुलीच्या परकराला लावले होते.

वसंत_सदाशिवपेठ
पडली का, हे त्या वेळी आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही, म्हणून लिहितो. १४ मे १९७३ ला सोडली, साधारण ४३५ किलोमीटर उंचीवर. एवढ्या वरही अगदी विरळ हवा असते. सत्तरीच्या अखेरीस सूर्य अंदाजापेक्षा जास्त खवळला, वरची हवा तापून फुगली आणि स्कायलॅबला तिचा अडथळा वाढला. वेग कमी होत होत ती खाली येत गेली. स्पेस शटल पाठवून तिला वर ढकलायचा बेत होता, पण शटलचं पहिलं उड्डाणच एप्रिल १९८१ उजाडल्यावर झालं. शेवटच्या दिवशी नासानं तिला कोलांट्या घ्यायला लावल्या, आफ्रिकेच्या दक्षिणेला समुद्रात पडावी म्हणून. ती अंदाजापेक्षा उशिरा फुटली आणि तुकडे पार पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत गेले.

आणि आत कुणीही नव्हतं. शेवटचे तिघे फेब्रुवारी १९७४ मध्येच परतले होते. आमच्या वाड्यात मात्र सगळे धरून चालले होते की आत माणसं अडकलीत.

रेवती_क
काय सांगता! माझ्या आत्यानं त्या माणसांसाठी सोमवार धरले होते. ती गेली बिचारी, तिला हे कधी कळलंच नाही. कळलं असतं तरी तिनं उपास सोडले नसते म्हणा.

पर्थचा_पाहुणा
मी इथेच राहतो, पश्चिम ऑस्ट्रेलियात. एस्परन्स गावच्या म्युझियममध्ये तुकडे मांडलेत, पोरांना घेऊन गेलो होतो. काळवंडलेला पत्रा, कडा वितळून वळलेल्या. बराच वेळ हलवेना तिथून. तिथल्या एका सतरा वर्षांच्या मुलाला घराजवळ तुकडे सापडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरनं पहिला तुकडा आणणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले होते, हा विमानानं जाऊन घेऊन आला! आणि गावानं नासाला ४०० डॉलर दंड ठोकला, कचरा टाकल्याबद्दल.

माडाची_वाडी
भरला का दंड??

पर्थचा_पाहुणा
नासानं नाही. २००९ मध्ये एका अमेरिकी रेडिओ निवेदकानं श्रोत्यांकडून पैसे गोळा करून भरला.

झाडीपट्टी
आमच्याकडे तर खरंच पडलं नं भाऊ! २ एप्रिल २०२२, पाडव्याचा दिवस. संध्याकाळी आम्ही अंगणात, तर आभाळातून जळत जळत रेघाच रेघा चालल्या. पोट्टे ओरडाले लागले, म्हातारे हात जोडून उभे. थोड्या वेळानं फोनवर फोन, सिंदेवाहीजवळ लाडबोरीत मोठ्ठं लोखंडी कडं पडलं म्हणून. चाळीसेक किलोचं. ठाण्यात नेऊन ठेवलं, पाहाले ही गर्दी. मग इस्रोचे लोक आले. चिनी रॉकेटचं होतं म्हणतात. कोणाला लागलं नाही हे नशीब.

सुधाकाकू
बाई गं. लाडबोरीत माझ्या जावेचं माहेर.

झाडीपट्टी
कोण्या घरच्या जी? मेसेज करा, आमची सोयरीक निघन.

विज्ञानबाई
मी शाळेत स्कायलॅब शिकवायची ती कोळ्यांवरून. अराबेला आणि अनिता, दोन कोळिणी नेल्या होत्या. कल्पना ज्यूडिथ माइल्स नावाच्या शाळकरी मुलीची: वजनच नसेल तर कोळी जाळं विणेल का? अराबेलाचं पहिलं जाळं वेडंवाकडं झालं, मग जमायला लागलं. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. स्कायलॅब म्हटलं की लोकांना फक्त पडणं आठवतं याचं मला खरंच वाईट वाटतं. किती काम झालं तिथे! सूर्याचे किती फोटो!

नाना_जळगाव
त्याच आठवड्यात, १५ जुलैला, मोरारजींचा राजीनामा. आमचे वडील म्हणाले, पडायची ती दिल्लीत पडली.

रेवती_क
😂 नाना!

वसंत_सदाशिवपेठ
विज्ञानबाई, अगदी खरं. कोळ्यांचं मी पहिल्यांदाच ऐकतोय. नातीला सांगतो.

कारवारकर
यानंतर सात महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९८० ला, आमच्या बाजूला खग्रास सूर्यग्रहण. वडील आम्हा भावंडांना अंकोल्याला घेऊन गेले. आई नको नको म्हणत होती, स्कायलॅबची धास्ती अजून गेली नव्हती तिची. भर दुपारी अंधार, कावळे झाडाकडे परतले, वाऱ्यात एकदम गारवा. आणि सूर्याभोवतीचं ते पांढरं प्रभामंडळ! अंगावर काटा येतो अजून.

मंजिरी_सातारा
आम्हाला त्या दिवशी दारं-खिडक्या लावून आत बसवलं होतं, कवडसासुद्धा पाहू दिला नाही. तुम्ही नशीबवान. सविस्तर लिहा ना, बाकी लोक काय करत होते, किती वेळ टिकलं, सगळं. मी आईचं जेवण उरकून येते.