ओल्या कचऱ्याच्या गाड्या-डब्यांसाठी पैसा कुठून उभा करायचा?

कोपऱ्यावरचा_डबा: मंडळी जरा मदत हवीये. आमच्या शहरात ओला कचरा वेगळा गोळा करायचं ठरलंय, सामानासाठी अनुदानाचा प्रस्ताव जाणारे आणि त्याचा मसुदा आमच्या नागरिक गटाला वाचायला दिलाय. त्यात सगळा जोर मोठ्या कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या) गाड्यांवर, घरोघरी द्यायच्या डब्यांचा उल्लेख एका ओळीत उरकलाय, आणि ड्रायव्हर, डिझेल, दुरुस्ती याबद्दल चकार शब्द नाही. खटकतंय पण लेखी सूचनेत नेमकं काय लिहू? अनुदान कमी पडलं तर कर्ज, बाँड (पालिकेचे कर्जरोखे), भाड्याच्या गाड्या यातलं काय चालतं?

गाडीखाना: कॉम्पॅक्टर आधी काढायला सांगा. अन्नाच्या कचऱ्यात ७०-८० टक्के पाणीच असतं, तो मुळातच जड, त्याला दाबून काय मिळणार? कॉम्पॅक्टरचा खरा उपयोग हलका आणि फुगलेला माल दाबायला, इथे दाबलं की नुसतं पाणी सुटतं आणि ते रस्ताभर ठिबकत जातं, शिवाय गाडी भरायच्या आधीच वजनाची मर्यादा गाठते. त्यापेक्षा बंद, न गळणारी बॉडी, खाली पाणी साठवायला टाकी आणि डबा उचलून ओतणारी लिफ्ट मागा. एक बारीक गोष्ट, मागच्या दाराभोवतीचं रबर बघा. तो आंबट रस रबर खातो, कडेला चिरा पडल्या की गळती सुरू आणि मग लोक म्हणतात ही गाडी आमच्या गल्लीत नको. जास्तीची रबरं, लिफ्टचे हायड्रॉलिक पाइप, हे टेंडरमध्येच घ्या, नंतर कोणी घेऊन देत नाही. आणि एखादी गाडी राखीव हवीच, एक दिवस गाडी आली नाही की लोक परत सगळं एकत्र टाकायला लागतात.

हिशेबाची_वही: वरच्याशी सहमत. पैशाचं सांगते. अनुदान बहुतेक वेळा भांडवली खर्चाला मिळतं, म्हणजे गाडी घ्यायला, चालवायला नाही, आणि कार्यक्रम बुडतात ते चालवायच्या खर्चात. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार गरीब देशांत पालिकेच्या बजेटचा साधारण २० टक्के भाग कचऱ्यावरच जातो, श्रीमंत देशांत ४ टक्के, म्हणजे जिथे अनुदानाची गरज जास्त तिथेच पुढचा खर्च पेलायची ताकद कमी. म्हणून प्रस्तावात प्रत्येक गाडीपुढे वर्षाचा खर्च मांडायला लावा, घसाऱ्यासकट (गाडी जुनी होताना दरवर्षी घटणारी किंमत), नाहीतर गाडी मोडीत निघेल तेव्हा दुसरी घ्यायला पैसा नसेल.

कर्ज चालतं पण त्याची मुदत गाडीच्या आयुष्यापेक्षा लांब नको. बाँड नुसत्या गाड्या-डब्यांसाठी काढू नये, रेटिंग (पालिकेची पत ठरवून घेणं) आणि कागदपत्रांचा खर्चच अंगावर येतो, खत किंवा बायोगॅसच्या प्रकल्पासोबत एकत्र काढला तर ठीक. भाड्याने घेतलं तर एकदम पैसा लागत नाही, पण ठेकेदाराला टनावर पैसे देऊ नका, दिले तरी भेसळीची मर्यादा करारात घाला, नाहीतर वजन वाढवायला माती, मिक्स कचरा सगळं ओल्यात येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओल्याची फेरी वाढवताना मिक्स कचऱ्याची फेरी कमी करा. दोन्ही चालू ठेवल्या तर खर्च नुसता वाढत जातो आणि दोन वर्षांत कोणीतरी म्हणतं की ही योजना परवडत नाही, बंद करा.

मिलानकर: इटलीतल्या मिलान शहराचं उदाहरण द्या. २०१२ च्या शेवटी एका भागातून सुरू केलं आणि २०१४ च्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने अख्खं शहर त्यात आलं. घरात छोटा १० लिटरचा हवेशीर डबा, इमारतीच्या खाली १२० लिटरचे चाकाचे डबे, आठवड्यातून दोनदा उचल. पैसा डब्यावर खर्च झाला म्हणून लोकांनी वेगळं केलं, नुसत्या गाड्या आणून कोणी काही वेगळं करत नाही. दक्षिण कोरियात तर २०१३ पासून जितका अन्नाचा कचरा तितकं शुल्क हे देशभर लागू झालं, बऱ्याच इमारतींत डबाच वजन करून घरागणिक नोंद ठेवतो. पण ते मशीन पहिल्याच टप्प्यात नको, आधी उचल नियमित होऊ दे.

कोपऱ्यावरचा_डबा: हे सगळं खूप कामाचं आहे, मनापासून आभार! एकच शंका, पहिला टप्पा कुठे घ्यायचा, बाजार-हॉटेलांचा भाग की राहती वस्ती?

हिशेबाची_वही: दोन्ही थोडे थोडे. बाजारातून कमी फेऱ्यांत भरपूर आणि स्वच्छ ओला कचरा मिळतो, त्यामुळे गाडीचा खर्च लवकर बसतो, पण घरांची सवय तिथे कळत नाही. म्हणून गाड्या एकदम सगळ्या घेऊ नका, पहिल्या टप्प्यात रोज किती किलो येतं, किती भेसळ येते, एका फेरीला किती वेळ लागतो हे लिहून ठेवा आणि बाकीच्या गाड्यांचा आकार त्यावरून ठरवा. अनुदान देणाऱ्यांनी दोन हप्त्यांत पैसे द्यावेत अशी विनंती प्रस्तावातच टाका, दुसरा हप्ता या नोंदी बघून.

गाडीखाना: आणि गाडी घ्यायच्या आधी तिथल्या सगळ्यात अरुंद गल्लीची रुंदी टेपने मोजून घ्या.