डिस्पोजलचा माल: पाहिलेलं, घेतलेलं, हुकलेलं

दुसऱ्या महायुद्धानंतर जीपा विकायला निघाल्या तेव्हापासून डिस्पोजलचा, म्हणजे फौजेने मोडीत काढून विकलेला माल आपल्याकडे येतोच आहे. शिवाय गोदीत नाहीतर फौजेत एकतरी माणूस घरोघर. नौदलाची जुनी विमानवाहू नौका विक्रांत 2014 मध्ये साठेक कोटींना मोडीत गेली. त्या व्यवहाराबद्दल माझी तक्रार नाही, पण तिच्या निमित्ताने गावात ज्या गोष्टी निघाल्या त्या भारी होत्या. लिलाव, काटा, गेट... स्वतः काय पाहिलंत ते लिहा. नावं आणि युनिट नको.

हर्णैचा ड्रायव्हर
मुंबईत भंगाराच्या ट्रकवर होतो. माल टनावर विकलेला असला की बोली कितीही चढू दे, कमाई काट्यावर. रिकामी गाडी काट्यावर चढायची तेव्हा डिझेलची टाकी फुल, पाण्याची पिंपं काठोकाठ, जास्तीच्या स्टेपन्या, क्लीनर सीटमागे आडवा. आत गेलं की पिंपं गटारात, स्टेपन्या दुसऱ्या गाडीत, क्लीनर चहाला. बाहेर पडताना भरल्या गाडीतून ते फुगवलेलं वजन वजा. खेपेला पाच-सहाशे किलो फुकट. त्यात पत्र्याखाली तांब्याची केबल असली तर शेठ त्या दिवशी बिर्याणी द्यायचा.

मालवणकर, स्टोअरमधून निवृत्त
सगळे चोर नव्हते, हे आधी लिहितो. माल कंडम करायला बोर्ड बसतं, एकट्याची सही चालत नाही. पण बोर्डासमोर नग येत नाही, ढीग येतो. वरचे गंजलेले पंप बघायचे आणि खालचे पॅकबंदही त्याच यादीत. ग्रीसच्या कागदातला कोरा पंप मी हातात घेतलाय. लेखी कळवलं, तर उत्तर आलं, लॉट बनून गेला. असेच पंप फिरून खात्यालाच विकले जातात अशी चर्चा होती. ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून चर्चाच म्हणतो.

देवगड बंदर
आमच्याकडे स्वस्तात लाइफ जॅकेटं आली होती. तारखेचा शिक्का कानशीने घासलेला. खाडीत टाकून बघितलं, थोड्या वेळात तळाला. विकणारा म्हणे, मिलिटरीचा माल आहे दादा, शंका कसली!

चिपळूण
रिंग राहिली की. पूर्वी डिपोबाहेरच्या हॉटेलात आधीच ठरायचं कोण घेणार. बाकीच्यांना गप्प बसायचे पैसे, आणि संध्याकाळी आपसात दुसरा लिलाव. खरा भाव तिथे फुटायचा. एमएसटीसी या सरकारी कंपनीचे ऑनलाइन लिलाव आल्यावर (विमानवाहू नौका विराट 2020 मध्ये 38.54 कोटींना तशीच गेली) कोणीतरी अनोळखी परराज्यातून बोली लावतो आणि रिंगवाल्यांचं गणित फिसकटतं. तेवढा फरक पडला, नाकारत नाही.

धागाकर्ता
@हर्णै, आता काट्यावर कॅमेरे आहेत ना?

हर्णैचा ड्रायव्हर
काट्यावर आहेत. पिंपं आत रिकामी होतात.