मदत हवी आहे - शेवट डोक्यावरून गेला, रविवारच्या आत कोणीतरी सांगा

चाफेकळी:
रविवारी वाचनकट्ट्यावर मला बोलायचंय आणि मी शेवटाशी अडकलेय. ती बाई खून करून घरी परत येते, नवऱ्याला सगळं माहीत असतं, तरी तो तिच्याबरोबर त्याच घरात राहतो. संपलं पुस्तक. का राहतो? सिनेमा बघायला वेळ नाही.

निशाचर:
कोणतं पुस्तक, ताई?

चाफेकळी:
अहो, 'गॉन गर्ल'. गिलियन फ्लिनचं. मला वाटलं लगेच कळेल.

घाटमाथा:
शेवट उत्तमच आहे. नवरा, म्हणजे निक, भित्रा आहे म्हणून राहतो.

रेवा:
असहमत. तिच्याशिवाय आपण कोणीच नाही, हे त्याला कळून चुकलंय. पूर्वार्धात नाहीशी झालेल्या बायकोची, एमीची, डायरी वाचून मी त्याला केव्हाच दोषी ठरवलं होतं. घाबरलेली बायको बंदूक विकत घ्यायला जाते, तिथे तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा भाग सुरू होतो आणि कळतं की डायरी बनावट, मागच्या तारखा टाकून लिहिलेली. मी तिथेच थांबून पहिली नोंद पुन्हा काढून वाचली.

निशाचर:
अहो, वर स्पॉयलरची सूचना तरी द्या! मी अजून वाचलेलं नाही.

जुना_वाचक:
आम्ही बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूच्या रहस्यकथा वाचत वाढलो. गुन्हेगार सापडायचा आणि शांत झोप लागायची. रात्री असलं वाचू नये, गरम दूध घेऊन झोपावं.

घाटमाथा:
काका, झोपेचं कोणी विचारलं नाही. आणि पॅट्रिशिया हायस्मिथच्या कादंबरीतला खुनी रिप्ली १९५५ सालीच मोकळा सुटलाय. ताई, रिप्ली वाचाच.

चाफेकळी:
रविवारच्या आत आणखी एक पुस्तक कुठून वाचू? माझ्या प्रश्नाचं बोला ना कोणीतरी.

मिरजकर:
सिनेमाच बघा. २०१४, डेव्हिड फिंचर, पटकथा स्वतः फ्लिनची. अडीच तासांत काम होईल.

रेवा:
त्यांनी आधीच नाही म्हटलंय. शिवाय पुस्तक निकच्या डोक्यात शिरतं तितका सिनेमा शिरत नाही.

मिरजकर:
बरं. ताई, तुमच्या प्रतीत शेवटचं प्रकरण कुणाचं आहे? निकचं की एमीचं?

चाफेकळी:
निकचं. ग्रंथालयाची प्रत आहे, मागचं कव्हर चिकटपट्टीने लावलंय. का?

मिरजकर:
मग पानं गेलीत. शेवटचं प्रकरण एमीचं आहे.

रेवा:
थांबा, म्हणजे तुम्हाला मुलाचं माहीतच नाही?

चाफेकळी:
कुठलं मूल???

रेवा:
निक तिच्याविरुद्ध सगळं लिहून काढतो. तेव्हा ती सांगते, मी गरोदर आहे. क्लिनिकमध्ये साठवलेला त्याच्या वीर्याचा नमुना तिने गुपचूप वापरलेला असतो. तो लिहिलेलं सगळं पुसून टाकतो. असल्या आईजवळ मूल एकटं कसं सोडणार? म्हणून राहतो. घाटमाथा, भित्रा नाही तो.

घाटमाथा:
मुलाआधीही निघून जाऊ शकला असता. मी मतावर ठाम आहे.

चाफेकळी:
आत्ता नखाने चिकटपट्टी उचकटून पाहिली. शिवणीत फाटलेल्या पानांचे काठ आहेत, बरेच. दोन दिवस मी लेखिकेवर चिडून बसले होते! ठाण्यात कोणाकडे पूर्ण प्रत आहे का? शनिवारी येऊन तिथेच बसून वाचेन, घरी नेणार नाही.

रेवा:
माझ्याकडे आहे, नौपाड्यात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.