इंजिन गरम असताना सेल्फ लांबतो, आंबा घाटात पॉवर जाते, कोड पी००८७. हाय प्रेशर पंप खरंच गेलाय का?

घाटमाथा_पिकअप
नमस्कार मंडळी, माझी २०१८ ची अडीच लिटर कॉमन रेल पिकअप आहे (एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, पंपाने दाबून ठेवलेलं डिझेल इंजेक्टर सिलेंडरमध्ये फवारतात ती), बीएस४. सध्या आंब्याचा सीझन असल्यामुळे रत्नागिरीतून पेट्या भरून कोल्हापूरला जातो. साखरपा सोडून घाट सुरू झाला की लोडवर तिसऱ्या गिअरला एकदम चेक लाइट लागते आणि पॉवर जाते, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढत नाही. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की थोडा वेळ बरी चालते. पण ती परत चालू होणं हाच दुसरा त्रास आहे, कारण इंजिन गरम असलं की सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, आणि सकाळी थंड असताना मात्र पहिल्या झटक्यात लागते. धूर नाही, आवाज वेगळा नाही, मायलेज थोडं कमी झालंय. स्कॅनरवर पी००८७ आला, रेल प्रेशर कमी. मिस्त्री म्हणतात पंप आणि चारही इंजेक्टर बदला, लाखाच्या घरात खर्च सांगितलाय. सीझन चालू आहे, गाडी उभी करणं परवडत नाही आणि पैसे घालून परत तेच झालं तर काय ही भीती आहे. आधी काय तपासू? आणि डिझेलमध्ये टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं २टी तेल) टाकलं तर फरक पडतो असं काही जण म्हणतात, ते खरं का?

पाना_१३
दादा थांबा, एवढ्यावर पंप बदलू नका. पी००८७ एवढंच सांगतो की ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये झालं नाही. का झालं नाही ते कोडला माहीत नसतं. चोक झालेला फिल्टर, टाकीतला कचरा, हवा घेणारा पाइप, अडकलेला मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा), गळका इंजेक्टर, झिजलेला पंप, चुकीचं सांगणारा सेन्सर, सगळ्यांना हाच कोड येऊ शकतो.

तुमच्या लक्षणांतूनच बरंच कळतंय. लाइन हवा घेत असती तर रात्रभर उभ्या गाडीतलं डिझेल मागे उतरलं असतं आणि त्रास सकाळी झाला असता. नुसता फिल्टर चोक असता तर घाटात पॉवर गेली असती पण गरम स्टार्टिंगला सहसा त्रास झाला नसता. तुमच्याकडे दोन्ही एकत्र आहेत, म्हणजे प्रेशर तयार होतंय पण आतल्या आत कुठेतरी पळतंय असा माझा पहिला संशय. तरीही फिल्टर, वॉटर सेपरेटर आणि टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप आधी बघाच, ते स्वस्तातलं काम आहे. पंपाच्या आधी थोडा पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे दिसतात का ते बघा.

मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा, मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष प्रेशर दोन्ही शेजारी शेजारी. ही दोन रीडिंग घेतल्याशिवाय कुणी पार्ट बदला म्हटलं तर ऐकू नका. सेल्फ मारताना थंड इंजिनवर किती, गरमवर किती, आयडलला किती आणि घाटात लोडवर किती, चारही लिहून ठेवा. सेल्फ मारताना आरपीएम दिसतोय का तेही बघा, कारण इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा क्रँक सेन्सर गरम झाल्यावर सिग्नल सोडत असेल तरी गरम स्टार्टिंगला हाच त्रास होतो.

सेन्सरपण तपासून घ्या. बहुतेक रेल सेन्सर तीन वायरचे, ५ व्होल्टवर चालणारे, रेलमध्ये प्रेशर शून्य असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट यायला हवा. गाडी बराच वेळ बंद असताना स्विच ऑन करून बघा, तिथेच जास्त दाखवत असेल तर पुढचं सगळं रीडिंग बिनकामाचं.

पंपनोझल_सांगली
वरचं बरोबर आहे. मी पंप-नोझलचंच काम करतो त्यामुळे पुढचं जरा सविस्तर सांगतो.

गरम झाल्यावरच त्रास का? डिझेल तापलं की पातळ होतं. इंजेक्टरच्या आतला व्हॉल्व्हचा बॉल आणि त्याची बैठक झिजली असेल तर थंड घट्ट डिझेल तिथून कमी पळतं, गरम पातळ डिझेल जास्त पळतं. सेल्फवर इंजिन दोन-अडीचशे आरपीएमनेच फिरत असतं, म्हणजे पंप मुळात थोडंच डिझेल देतो, आणि तेही रिटर्नला निघून गेलं तर प्रेशर चढणार कसं, तळाला भोक पडलेली घागर भरण्यासारखं ते होतं. रेलमध्ये ठरावीक प्रेशर झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, बऱ्याच गाड्यांत हा आकडा १५० ते २५० बारच्या दरम्यान असतो. म्हणून सेल्फ फिरत राहतो आणि धूरही येत नाही, कारण सिलेंडरमध्ये डिझेल पडतच नाही. एकदा चालू झाली की पंप जोरात फिरतो, गळती भरून काढतो, आयडल छान. घाटात मात्र हजार-बाराशे बारच्या वर मागणी जाते तेव्हा पुन्हा कमी पडतं.

यासाठी रिटर्न टेस्ट करा. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून प्रत्येकाला सारख्या मापाची बाटली लावायची, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं, इंजिन गरम असताना काही मिनिटं आयडलवर चालवायचं आणि बाटल्यांची तुलना करायची. आकड्यापेक्षा फरक बघा, एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर चोर तोच. नंतर इंजेक्टरचे वायरचे प्लग काढून नुसता सेल्फ मारूनही बघा, चांगल्या इंजेक्टरमधून तेव्हा अगदी थोडं येतं. हे सगळं सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या) इंजेक्टरसाठी. पायझो (कॉइलऐवजी विजेने ताणणाऱ्या क्रिस्टलने उघडणारे) असतील तर त्यांच्या रिटर्नला ठरावीक प्रेशर लागतं, पाइप उघडा टाकून ही टेस्ट करायची नाही.

बाटल्या सारख्या आल्या तर रेलच्या टोकाचा प्रेशर लिमिटर (जास्त झालेलं प्रेशर सोडून देणारा) किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह बघा, त्याचा रिटर्न पाइप काढून सेल्फ मारताना डिझेल येतंय का. लिमिटरमधून तेव्हा थेंबही यायला नको. तेही ठीक निघालं तर मग पंपाचा नंबर. त्यासाठी रेलची तोंडं योग्य रेटिंगच्या कॅपने बंद करून एकटा पंप किती प्रेशर देतो ते बघतात, हे घरी करायचं काम नाही, दुकानात करून घ्या.

टूटी ऑइलचं म्हणाल तर काही टाकू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं हे खरं, आणि सल्फर कमी करताना डिझेलचा वंगणाचा गुण कमी होतो हेही खरं, पण त्यासाठी रिफायनरीतच अ‍ॅडिटिव्ह घालतात आणि वंगणाची चाचणी आपल्या डिझेलच्या मानकातच आहे, झिजेचा डाग ४६० मायक्रॉनच्या वर चालत नाही. खरा शत्रू पाणी आणि भेसळ. सुटं डिझेल, कॅनमधलं डिझेल घेऊ नका. झिजलेला बॉल तेल घालून परत भरून येत नाही.

कोकणी_ड्रायव्हर
एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो आणि कृपया मनावर घ्या. इंजिन चालू असताना जुन्या गाडीसारखा इंजेक्टरला जाणाऱ्या लोखंडी पाइपचा नट सैल करून कुठला सिलेंडर मिसिंग मारतो ते बघायची सवय अनेक मिस्त्रींना आहे, कॉमन रेलवर ते कधीच करू देऊ नका. हजार बारची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फार, पण आत डिझेल पसरतं आणि उशीर झाला तर बोट कापायची वेळ येते. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलला जाऊन हाय प्रेशरचं डिझेल घुसलंय असं स्पष्ट सांगायचं. लीकेज शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं थांबून, स्कॅनरवर प्रेशर उतरलेलं बघून मगच पाइप उघडा.

घाटमाथा_पिकअप
सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली, त्यांनी तुमचं सगळं वाचून तसंच केलं. फिल्टर नवीन टाकला, बुडबुडे नाहीत, सेन्सर बरोबर, सेल्फ मारताना आरपीएम नीट दिसतो. थंड असताना सेल्फवर २८० बार, गरम असताना ११० ते १२० च्या वर जातच नाही. आयडलला ३०० च्या आसपास, मागितलेल्या इतकंच. घाटात १३०० मागितलं आणि ९०० ला अडकलं, मग लाइट लागली. बाटल्यांमध्ये एक, दोन आणि चार नंबर साधारण ३० मिली, तीन नंबर जवळपास १००. आता फक्त तीन नंबर बदलू का चारही?

पंपनोझल_सांगली
चित्र स्वच्छ आहे. तीन नंबर काढा, पण चारही टेस्ट बेंचवर लावून घ्या, कारण आयडलला सारखे दिसणारे इंजेक्टर फुल लोडच्या प्रेशरला वेगळे वागू शकतात. बाकीचे तीन पास झाले तर उगाच बदलू नका.

जुना फिल्टर टाकला नसेल तर कापून उघडा, आणि मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याच्या जाळीवर बघा. चांदीसारखी चकाकणारी बारीक पूड दिसली तर मात्र पंप आतून झिजतोय, अशा वेळी नुसता इंजेक्टर टाकला तर नवीन पण त्याच पुडीने जाईल, टाकीपासून रेलपर्यंत सगळं साफ करावं लागतं. पूड नसेल तर पंपाला हात लावायचं कारण नाही.

बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवीन, बैठक साफ, लोखंडी पाइपही नवीन टाकलेला बरा आणि नट टॉर्क पान्यानेच. उघडी तोंडं लगेच टोपीने बंद ठेवा, धुळीचा एक कण पुरतो. नव्या इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत फीड करायला सांगा, ते राहून गेलं तर आयडल हलतं, धूर येतो आणि लोक परत इंजेक्टरला दोष देतात.

हे झालं की गाडी चांगली गरम करून सेल्फवरचं प्रेशर परत वाचा आणि आकडा इथे टाका. २०० च्या वर चढलं तर पेट्या भरा, आणि नाही चढलं तर पंप घेऊन दुकानाकडे या, मग त्याला बेंचवर लावू.